जित्या मासळीचा ड्रम

माझ्या सासूनं मला पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहिलं, आणि मीही त्या बाईला कधी गोड मानून घेतलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला वाटायला नको की ही सून मोठी सोशिक होती. मी सोशिक नाही. माझ्या तोंडाला लगाम नाही असं माहेरी म्हणायचे, आणि सासरी तर चुलीपुढं बसून रोज म्हणायचे.

आमचं घर सिद्धेश्वरच्या धरणाच्या काठाला. अंगणातून उतार उतरलं की पाणी. सासरे ह्याच पाण्यात बुडून गेले. माझा नवरा तेव्हा लेकरू होता. बापाला बाहेर काढलेलं त्यानं पाहिलं, आणि तेव्हापासून तो गुडघाभर पाण्यातही उतरत नाही. तो हिंगोलीला मोंढ्यात हळदीची पोती उचलतो आणि संध्याकाळच्या एसटीनं अंगभर पिवळा होऊन परत येतो. सासऱ्यांची पत्र्याची होडी मात्र काठावर पालथी पडून होती, आणि ती होडी सासूची होती. म्हणजे कागदावर कुणाची ते मला माहीत नाही, पण घरात त्या होडीवर दुसऱ्या कुणाचा शब्द चालत नव्हता.

मी येलदरीकडची. बापाच्या होडीत वाढले, चालायला लागायच्या आधी वल्हं धरलं असं आई सांगायची. ती होडी तशी गंजत पडलेली मला बघवत नव्हती. एक दिवस भाकरी थापता थापता मी म्हणाले, "आत्याबाई, होडी मी चालवते."

झालं! परात आपटली. "बाईमाणूस होडीत बसणार? लाज सोडली का येलदरीच्या धरणात? ह्या घरातलं कोणी आता पाण्यावर जाणार न्हाई."

"मग काय तिच्यात कोंबड्या पाळायच्या हायत का?"

तेवढ्यात माझ्या दिराचं घोडं मधी आलं. दीर धाकटा, वारंगा फाट्यावर टायर पंक्चरचं दुकान टाकून तिकडंच राहतो. त्यानं होडीला गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं. होडी विकायची आणि दुकानात हवा भरायची मोठी मशीन आणायची, असा त्याचा बेत. तो आईच्या मागं लागलेला आणि मी तिच्या मागं लागलेली. शेवटी ती वैतागली आणि तिनं दोघांसमोर सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत चालवून दाव. मरळ आणून दाव. न्हाई आणली तर होडी ह्याची, आन् तू पुन्हा पाण्याचं तोंड बघायचं न्हाई." मी म्हणाले, बघाच. तेव्हा नवरात्र तोंडावर आलं होतं.

आता मरळ म्हणजे मोठी मिजासखोर मासळी. जाळ्यात सहज गावत नाही, आणि गळाला मेलेलं काही लावलं तर ढुंकून बघत नाही. तिला जितं पाहिजे. लांब दोरीला ओळीनं गळ बांधायचे, प्रत्येक गळाला बोटाएवढा जिता मासा पाठीत टोचायचा, आणि दोरी झाडोऱ्याच्या कडेनं पाण्यात सोडायची. तो बारका मासा तडफडला की मरळ येते. म्हणजे सगळा खेळ त्या बारक्या मासळीच्या जिवावर. ती जिती राहिली तर मरळ, मरळ आली तर होडी.

माझा बाप ही मासळी मातीच्या घागरीत ठेवायचा आणि सारखं पाणी बदलत बसायचा. मी मोबाइलवर बघितलं, परदेशातला एक गोरा माणूस आपल्या होडीतल्या टाकीला जपून राहिला होता. त्याची भाषा मला कळत नव्हती, पण हात कळत होते. मी निळा प्लास्टिकचा ड्रम अर्ध्यात कापला, धार विटेनं घासून बोथट केली आणि होडीच्या बराबर मधोमध बांधला, कारण टोकाला ठेवला तर हिंदकळून मासे भिंतीवर आपटतात. ड्रम गोलच पाहिजे. चौकोनी टपात मासे कोपऱ्यात गर्दी करतात आणि नाकं फोडून घेतात. बॅटरीवरचा छोटा पंप लावला, तो धरणातलं पाणी ओढून ड्रममध्ये सोडायचा. वरच्या अंगाला भोक पाडून जास्तीचं पाणी बाहेर काढलं आणि भोकाला मच्छरदाणीचा तुकडा बांधला. पंपाच्या नळीच्या तोंडाला काय बांधलं? घरातली चहाची गाळणी. त्यावरून सासूनं चार दिवस घर डोक्यावर घेतलं.

सुरुवातीला तकलीफ कमी झाली नाही. गाळणीला शेवाळ बसायचं आणि पंप नुसता गुरगुरायचा, पाणी नाही. मी टोकाला जाऊन बसले की होडीचं दुसरं टोक उचलायचं, नळीचं तोंड पाण्याबाहेर यायचं आणि पंपात हवा धरायची. मग नळी काढून तोंडानं फुंकायची, घाण पाणी गिळायचं, वर शिव्या द्यायच्या. बॅटरीच्या टोकांना बुरा धरायचा, तो गरम पाण्यानं धुऊन वर व्हॅसलिन चोपडायचं. दुपारी पाणी तापायचं, म्हणून ड्रमवर ओलं पोतं टाकलं. हाव धरून मासे जास्त भरले की पाण्यावर फेस यायचा, मग निम्मे सोडून द्यायचे. मेलेला मासा तिथल्या तिथं उचलायचा, नाहीतर तो बाकीच्यांना घेऊन जातो. हे सगळं मी एकटीनं ताळ्यावर आणलं, आणि दसऱ्याच्या आत दोन चांगल्या मरळी घरात आल्या. सासूनं त्या उलट्यापालट्या करून बघितल्या आणि म्हणाली, "बारकुशाच हायत. ह्या मोजायच्या न्हाईत." रात्री मात्र रस्सा दोनदा वाढून घेतला.

आणि मग मासे मरायला लागले.

माझी पद्धत अशी होती. संध्याकाळी बारीक जाळ्यानं काठाची मासळी धरायची, ड्रममध्ये टाकायची आणि होडी घराखाली बांधायची. काठाला म्हशींनी पाणी गढूळ केलेलं असतं, ते पंपात गेलं तर पंप बसतो. म्हणून रात्री पंप बंद आणि फक्त बॅटरीवरची छोटी हवेची मशीन चालू. पातळ नळीतून हवा येते, नळीच्या टोकाला दगडासारखा खडा असतो, त्यातून बुडबुडे निघतात. रात्रभर पाणी तेच, हवा नवी. असं करून मासळी सकाळपर्यंत ताजी राहायची. आणि एके दिवशी पहाटे उठून पोतं उचललं तर सगळी मासळी तळाला पडलेली.

मला वाटलं हवा बंद पडली असेल. पण बुडबुडे तर चालू! ड्रम रिकामा करून धुतला, राखेनंसुद्धा नाही, नुसत्या पाण्यानं. साबणाचा हात ड्रमला लावायचा नाही हे मला पाठ होतं. संध्याकाळी नवी मासळी धरली. सकाळी तीच गत. तिसऱ्यांदा थोडेच मासे ठेवले, तेही गेले. मरळ नाही, दोरी कोरडी, आणि दिवाळी जवळ येऊन राहिलेली. मी दिवसभर काठावर बसून दात खात होते.

बॅटरी आणि हवेची मशीन पिशवीत घालून औंढ्याला गेले. तिथं एक म्हातारा मुसलमान मिस्त्री बॅटऱ्यांचं काम करतो, माझ्या सासऱ्यांनाही ओळखायचा. त्यानं मशीनची नळी पाण्याच्या डब्यात सोडली, बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "बेटी, मशीन बराबर है. हवा दे रही है. खोट होगी तो पानी में होगी."

एसटीत बसल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. हवा कमी पडली की मासा वर येतो, पाण्याच्या तोंडाशी येऊन आ वासतो. हे मासे वर आलेच नव्हते. ते तळाला जाऊन, अंगावर बुळबुळीत साय धरून मेले होते. हे हवेचं मरण नव्हतं, ड्रममध्ये कुणीतरी काहीतरी घालून राहिलं होतं.

कुणाला पाहिजे होती होडी? मी घरी पोचले तर तो मेला दीर दारातच मोटारसायकल लावून उभा. मेलेल्या मासळीच्या टोपल्याकडं बघून दात काढले. "वहिनी, मासे मारायला पाण्यावर काहून जाता? तुमच्याकडं तर घरीच मरून राहिले."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "भाऊजी, फवारणीचं औषध टाकता का माझ्या ड्रममध्ये? खरं बोला! मुडदा बशिवला तुमचा, होडीसाठी बारक्या जिवांना मारता?"

"मी? मी तर फाट्यावर असतो दिवसभर!"

"फाट्यावरून मोटारसायकलीला किती येळ लागतो ते मला माहीत हाय!"

सासू घरातून ताडताड आली. "माझ्या लेकावर आळ घेती का टवळे? तुझ्या हातातच जीव न्हाई. पाण्याला तू नको हायस, म्हणून मासे मरून राहिलेत. सोड ती होडी!" आणि आत निघून गेली. जाताना मात्र तिनं माझ्याकडं बघितलं नाही, आणि भांडणात माझ्याकडं न बघणं हा त्या बाईचा स्वभाव नाही. ते माझ्या ध्यानात राहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "मी यांना घ्यायला थांब्यावर चाललेय." आणि रस्त्यानं थोडं जाऊन मागं फिरले, काठाच्या बेशरमाच्या झुडपात जाऊन बसले. डास फोडून काढत होते. दिवस बुडाला होता, पण माणूस ओळखू येत होतं. आणि उतारावरून कोण उतरलं? दीर नाही. माझी सासू. साडीचा ओचा वर खोचून ती पाण्यात शिरली, होडीला धरून उभी राहिली, पोतं बाजूला केलं आणि कोपरापर्यंत हात ड्रममध्ये घातला.

मी झुडपातून जी उठले ती थेट तिच्या मनगटावर. "सापडली! या रे, बघा रे सगळे! सून परवडंना म्हणून मासे मारती ही बाई!"

"सोड! सोड म्हणते ना, अवदसे!"

"मूठ उघडा!"

तिनं उघडली नाही. मी एकेक बोट सोडवलं. मला वाटलं होतं औषधाची पुडी निघेल. निघाला काळ्या दोऱ्यात ओवलेला भोकाचा पैसा. निजामाच्या वेळचा, तांब्याचा, लेकराच्या गळ्यात बांधतात तसला. घासून घासून इतका लखलखीत केला होता की त्या उजेडातही चमकला.

मी बघतच राहिले. "हे काय हाय?"

"दिसत न्हाई का तुला? पैसा हाय. तुझ्या सासऱ्याचा." ती मनगट चोळत भांडायच्याच आवाजात बोलत होती. "त्यांच्या गळ्यात असायचा, पाण्यावर जाताना राखणीला. त्या दिशी मी काढून घेतला. हिरवा पडला व्हता, म्हनलं चिंच लावून घासून देते. ते म्हणले येळ व्हतोय, आन् तसेच गेले. पैसा माझ्या हातात, चिंचेत बुडालेला, आन् माणूस तिकडं." तिनं नाक ओढलं. "तुझ्या गळ्यात बांधायला आले असते तर तू फेकून दिला असता. म्हणून दसऱ्यापासून तुझ्या पाण्यात सोडते. लेकराच्या न्हाणीत टाकतात तसा. दिवसभर तुझे हात त्याच पाण्यात असतात. रोज चिंचेनं घासते, सांजंला सोडते, पहाटं काढते. झालं समाधान?"

मला दया आली नाही, खोटं कशाला सांगू. मला आधी आठवला माझा बाप. त्याच्या मासळीच्या घागरीत आम्ही तांब्याचा गडवा बुडवायला गेलो की तो हातावर फटका द्यायचा. मासळीला तांबं सोसत नाही, म्हणायचा. मी ते कधी मनावर घेतलं नव्हतं. आता मनावर घेतलं. रोज चिंचेनं उघडं केलेलं तांबं रात्रभर त्याच पाण्यात उतरत होतं, आणि वरून बुडबुडे ते ढवळत होते.

"आत्याबाई, माझे मासे तुमच्या ह्या पैशानं मेले."

"काय बोलून राहिलीस? देवाधर्माच्या वस्तूनं मासे मरतात? जीभ झडंल!"

"मग दाखवते."

"दाव!"

त्याच संध्याकाळी ओसरीवर दोन बादल्या ठेवल्या. दोन्ही प्लास्टिकच्या, दोन्हीत धरणाचं पाणी. हवेच्या मशीनला दोन फाटे काढून एकेक नळी दोन्हीत सोडली. मासे तिनं स्वतः निवडून वाटले, कारण मी मरतुकडे मासे तिच्या बादलीत टाकीन अशी तिला खात्री होती. पैसा तिनं चिंचेनं घासला आणि आपल्या बादलीत सोडला. माझा नवरा पिवळे हात घेऊन दारात उभा राहिला, दोघींकडं आळीपाळीनं बघितलं आणि न जेवता झोपायला गेला. आम्ही दोघी बादल्यांच्या दोन बाजूंना आडव्या झालो, कारण एकीचा दुसरीवर भरवसा नव्हता.

उजाडलं तेव्हा माझ्या बादलीत मासे गोल फिरत होते. तिच्या बादलीत सगळे तळाला, अंगावर तीच साय. एक अजून कल्ले हलवत होता, आमच्या देखत तोही थांबला.

मला जिंकल्याचा असा जोर चढला की काय सांगू. इतक्या दिवसांचं सगळं तोंडात आलं. मी उभी राहून म्हणाले, "बघा! डोळे फाडून बघा! बोटाएवढे मासे वाचवता आले न्हाईत तुमच्या पैशाला, उलट मारले. अन् हा माणूस वाचवणार? मामंजी गळ्यात घालून गेले असते तरी बुडालेच असते!"

हे मी तिला लागावं म्हणूनच बोलले. बोलल्यावर मात्र मीच दचकले. नवरा आतून उठून आला होता आणि चौकटीला धरून उभा होता. मला वाटलं, आता ही बाई बादली माझ्या डोक्यात घालणार. मी एक पाऊल मागं सरले.

ती बादलीत बघत होती. मान वर न करता म्हणाली, "काय म्हणलीस?"

"काही न्हाई."

"न्हाई, परत म्हण."

तिच्या आवाजात भांडण नव्हतं. मी हळू आवाजात म्हणाले, "पैसा गळ्यात असता तरी मामंजी बुडालेच असते."

तिनं पदर तोंडाला लावला. रडली की नाही ते मी सांगू शकत नाही, कारण तिनं पाठ फिरवली होती, पण तिचे खांदे बराच वेळ हलत होते. माझा नवरा तिच्याजवळ जाऊन बसला. मला तर वाटलं होतं, ही बाई मला पाण्यावर जाऊ देत नव्हती ती माझ्या द्वेषापायी. द्वेष होताच, तो मी कमी करून सांगत नाही. पण त्याच्याखाली ती इतकी वर्षं एक चिंचेची वाटी धरून बसली होती, आणि नवरा आपण मारला असं समजून चालली होती. ह्या घरात कुणालाच ते माहीत नव्हतं, तिच्या लेकांनाही नाही.

त्या दिवशी मी ड्रम पुन्हा धुतला, नवी मासळी धरली. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळी जिती. दिवाळीच्या आधी मरळ आली, आणि एक तर अशी आली की होडीत आपटून तिनं बॅटरीची तार तोडली. सासूनं ती मरळ दोन्ही हातांनी उचलली आणि बारकुशी म्हणाली नाही.

वसुबारसेला दीर गिऱ्हाईक घेऊनच आला. गिऱ्हाईक होडीचा पत्रा वाजवून बघायला लागलं. सासू उतार उतरून आली आणि म्हणाली, "होडी विकायची न्हाई."

"काहून गं माय? ठरलं व्हतं ना आपलं? हिला चालवता येत न्हाई, मासे मारून राहिली ती नुसती."

"मासे मी मारून राहिले व्हते," सासू म्हणाली. "आता न्हाई मारत."

दीर काही समजला नाही. गिऱ्हाईकाला घेऊन पाय आपटत गेला, आणि तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही. मीही त्याची माफी मागायला गेले नाही. त्यानं मासे मारले नव्हते, एवढंच. बाकी त्याचं मला काहीच पटत नाही.

पैसा आता चुलीमागं खिळ्याला टांगलेला आहे. त्याला कोणी चिंच लावत नाही, त्यामुळं तो पार हिरवा पडला आहे. आमची भांडणं कमी झाली असं कुणी समजू नये. चहाची गाळणी मी अजून परत केलेली नाही, त्यावरून कालच दोन तास झाली. पण कधी कधी मी होडीत बसून त्याच गाळणीतलं शेवाळ काढत असते, तेव्हा ती काठावर येऊन उकिडवी बसते. सकाळी एकमेकींचं तोंड बघायचं नाही असं ठरलेलं असतं, तरी बसते. पाण्याकडं बघत म्हणते, "ते परत म्हण गं."

मी हातातलं काम न थांबवता म्हणते, "गळ्यात असता तरी बुडालेच असते."

"खरं ना?"

"खरं."

"व्हय," म्हणते, आणि उठून, माझी भाकरी करपली म्हणून शिव्या देत घराकडं जाते.